बिशिर माशाचे प्रादेशिक भेद : नाव, नदी आणि नोंद यांचा इतिहास

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गांत पॉलिप्टेरस हे नाव पिढ्यान्‌पिढ्या एका कोड्याच्या रूपाने शिकविले गेले. अंगावर प्राचीन माशांसारखे चकचकीत, जाड, समांतरभुज चौकोनी खवले. पोटात फुप्फुसांची जोडी. डिंभावस्थेत डोक्यामागे पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले. आणि छातीचे पर मांसल बुंध्याचे. अशा प्राण्याचे नाते नेमके कोणाशी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्राणिशास्त्रज्ञांना छळत होता व त्याचेच पडसाद आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरले. या मोठ्या प्रश्नाच्या सावलीत एक लहान प्रश्न मात्र झाकला गेला. ज्याच्या नात्याविषयी एवढा वाद झाला, तो पॉलिप्टेरस नेमका कोणता? नाईलमधला, सेनेगलमधला, की काँगोमधला? पाठ्यपुस्तकातील आकृतीखाली बहुधा केवळ प्रजातीचे नाव असते. जाती आणि ठिकाण यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

हा लहान प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आफ्रिकेतील या माशांना मराठीत रूढ नाव नसल्याने येथे 'बिशिर' हेच नाव वापरले आहे. बिशिराचे प्रादेशिक भेद ओळखण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ओळख पटविण्याचे काम माशाच्या शरीराने जेवढे केले, तेवढेच बरणीवरील चिठ्ठीने केले. जेथे चिठ्ठी मोघम होती किंवा हरवली होती, तेथे शास्त्रज्ञाचे डोळे कितीही तीक्ष्ण असले तरी भेद एक तर फसवे ठरले किंवा वर्षानुवर्षे दडून राहिले.

नाईलवरील पहिले नाव

नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर १७९८ मध्ये गेलेल्या विद्वानांत एतिएन जोफ्रॉय सेंत-हिलेर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. नाईलच्या कोळ्यांकडून त्याला या माशाचे मोजकेच नमुने मिळाले. १८०१ मध्ये अलेक्झांड्रिया येथे फ्रेंचांनी शरणागती पत्करली, तेव्हा जमविलेले सर्व संग्रह आपल्या हवाली करावेत अशी इंग्रजांची मागणी होती. रोझेटा शिलालेख त्या वेळी इंग्रजांच्या हाती गेला. प्राणिसंग्रह मात्र फ्रेंच विद्वानांनी हट्टाने राखला. प्रसंगी तो जाळून टाकू, पण देणार नाही, अशी धमकी जोफ्रॉयने दिली होती. त्यामुळे बिशिर पॅरिसला पोहोचला. १८०२ मध्ये जोफ्रॉयने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 'अनेक परांचा' या अर्थाचे ग्रीक नाव त्याला दिले. पाठीवर एका ओळीत उभ्या राहणाऱ्या सुट्या छोट्या परांवरून हे नाव सुचले. 'बिशिर' हा दुसरा शब्द मात्र नाईलकाठच्या अरबी बोलीतून आलेला. (जुन्या ग्रंथांत या नावाचे श्रेय जोफ्रॉयला व १८०२ या वर्षाला दिलेले असते, तर आजच्या सूच्यांत लासेपेद व १८०३. एकाच माशाच्या नावापुढे दोन वर्षे दिसली तर ती छपाईची चूक समजू नये.)

या शोधाचे मोल मोठे होते. केवळ या एका माशासाठीही इजिप्तची यात्रा सार्थकी लागली असती, अशा आशयाचे उद्गार क्यूव्हिएच्या नावावर सांगितले जातात. परंतु भेदांच्या दृष्टीने पाहता त्या आरंभात एक गृहीतक दडलेले होते: मासा एक, नदी एक, नाव एक. क्यूव्हिएनेच १८२९ मध्ये सेनेगलमधील बिशिराला सेनेगलस हे वेगळे नाव दिले, तेव्हा त्या गृहीतकाला पहिला तडा गेला. या वेळी वेगळेपण खरेच होते. नाईलच्या बिशिराच्या पाठीवर सामान्यतः तेरा ते अठरा छोटे पर असतात, तर सेनेगलसच्या पाठीवर आठ ते अकरा. नाईलच्या माशाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो. सेनेगलसचा तसा नसतो. शरीर आणि ठिकाण या दोघांची साक्ष येथे जुळली. पण पुढे असे दिसून आले की सेनेगलस नाईलमध्येही राहतो, आणि नाईलच्या बिशिराचे आप्त पश्चिम आफ्रिकेतही राहतात. तेव्हा भेद जातींचा होता. तो सेनेगल आणि नाईल या दोन नद्यांमधील भेद नव्हता. पुढील शतकभराच्या गोंधळाचे बीज या ठिकाणी पडले.

नावांचा पूर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नव्या नावांची रीघ लागली. व्हिएन्नाच्या हेकेलने १८४७ मध्ये एंडलिशरी ही जाती वर्णिली व तिला एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. लायबेरियाच्या किनाऱ्यावरील केप पामास येथील माशावरून आयर्सने १८५० मध्ये पामास हे नाव ठेवले. श्टाइंडाखनरने १८६९ मध्ये सेनेगलमधील एका बिशिराला लाप्रादेई म्हटले. सेनेगलच्या फ्रेंच गव्हर्नरच्या सन्मानार्थ हे नाव पडले. त्यानेच १८९१ मध्ये लायबेरियातील आणखी एका रूपाला, तेथे संग्रह करणाऱ्या ब्यूटिकोफर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले.

खरा पूर आला तो काँगोतून. १८८५ ते १९०८ या काळात काँगो हे बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचे जणू खासगी राज्य होते. त्या राज्याच्या अधिकाऱ्यांनी व मिशनऱ्यांनी जमविलेले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज बूलांजे या मूळच्या बेल्जियन शास्त्रज्ञाकडे येत. १८९८ ते १९०२ या अवघ्या चार-पाच वर्षांत बूलांजेने वीक्सी, काँगिकस, डेलहेझी व ऑर्नाटिपिनिस ही नावे दिली. १९१० मध्ये पोर्तुगीज गिनीतील अन्सॉर्गीची भर पडली. वीक्सी हे नाव काँगोकाठच्या मोन्सेंबे येथील एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याचे, डेलहेझी हे काँगोत संग्रह करणाऱ्या चित्रकाराचे, आणि अन्सॉर्गी हे एका डॉक्टर-संग्राहकाचे.

या नावांकडे पाहिले म्हणजे त्यांतून एक नकाशा उभा राहतो. मात्र तो माशांचा नसून आगबोटींचा आहे. काँगोतील नमुने जेथून आले ती बहुतेक ठिकाणे म्हणजे नदीवरील ठाणी, बंदरे आणि मिशनची केंद्रे. दोन ठाण्यांच्या मध्ये जे शेकडो मैलांचे पात्र, दलदल आणि पूरवन होते, तेथील मासे संग्रहात फारसे आलेच नाहीत. परिणामी दोन दूरच्या ठाण्यांवरील दोन-चार मासे शेजारी ठेवले की ते स्पष्टपणे निराळे दिसत. मधल्या प्रदेशातील माशांत तो फरक हळूहळू बदलत जातो की एकदम तुटतो, हे सांगणारा पुरावा मेजावर नव्हता. बूलांजेची निरीक्षणे काटेकोर होती, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्या बहुतेक जाती आजही टिकून आहेत. उणीव होती ती नमुन्यांच्या संख्येची आणि चिठ्ठीवरील शब्दांची. 'काँगो' एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी म्हणजे सुमारे सदतीस लाख चौरस किलोमीटरांच्या खोऱ्यातील कोणतेही एक ठिकाण.

या सर्व नावांत स्थानिक कोळ्यांच्या भाषेतून आलेला शब्द एकच, तो म्हणजे पहिलाच: बिशिर. त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आफ्रिकी भाषांतील एकही शब्द या माशांच्या शास्त्रीय नावांत आला नाही. हा मासा पकडणारे लोक कोणते भेद मानत, हे विचारण्याची पद्धतच त्या काळच्या संग्रहालयांत नव्हती.

डिंभाच्या शोधात

याच सुमारास बिशिराच्या अभ्यासाला दुसरी, अधिक करुण बाजू होती. प्रौढ माशाच्या शरीरावरून नाते ठरेना, तेव्हा त्याचे अंडे आणि भ्रूण पाहावेत असे भ्रूणशास्त्रज्ञांना वाटू लागले. अगासीझने या माशाला चकाकत्या खवल्यांच्या प्राचीन माशांत ठेवले होते; हक्स्लीने १८६१ मध्ये मांसल परांच्या माशांशी, पर्यायाने चतुष्पादांच्या पूर्वजांशी, त्याचे नाते जोडले. भ्रूण मिळाल्यास निवाडा होईल अशी आशा होती. कोलंबिया विद्यापीठाचा नेथन हॅरिंग्टन त्यासाठी नाईलवर गेला आणि १८९९ मध्ये सुदानमध्ये मरण पावला. केंब्रिजचा जॉन सॅम्युएल बजेट (१८७२–१९०४) चार वेळा आफ्रिकेत गेला: दोनदा गांबियाला, १९०२ मध्ये युगांडाला आणि १९०३ मध्ये नायजरला. नायजरवर अखेर सेनेगलसची अंडी कृत्रिमरीत्या फलित करण्यात त्याला यश आले. मायदेशी परतल्यावर आफ्रिकेतील तापाच्या परिणामी जानेवारी १९०४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो वारला. त्याची सामग्री ग्रॅहम कर याने संपादित करून १९०७ मध्ये स्मृतिग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केली.

बजेटची कहाणी सामान्यतः शास्त्रासाठी केलेल्या आत्मत्यागाची म्हणून सांगितली जाते. भेद ओळखण्याच्या इतिहासातील तिचे स्थान निराळे आहे. बजेटने कोणत्या नदीत, कोणत्या ऋतूत, कोणत्या जातीचा डिंभ मिळाला याची नोंद ठेवली. १९०१ मध्ये त्याने वर्णिलेला डिंभ लाप्रादेईचा होता, तर नायजरवरील भ्रूण सेनेगलसचे. वाढीच्या टप्प्यांतून मासा किती बदलतो, हे या कामातून कळले. डिंभाच्या पाठीवरील पर सलग असतो आणि मागाहून त्याचे तुकडे पडून छोटे पर बनतात. बाहेरचे कल्ले आखूड होत नाहीसे होतात. काही जातींत लहानपणचे पट्टे मोठेपणी पुसट होतात. नराचा गुदपर मादीपेक्षा रुंद व जाड असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. म्हणजे संग्रहालयातील एका बरणीत लहान मासा आणि दुसरीत मोठा, एकीत नर आणि दुसरीत मादी असेल, तर त्यांच्यातील फरक हा प्रदेशाचा म्हणून सहज खपून जाऊ शकतो. परांची संख्या व पार्श्वरेखेवरील खवल्यांची संख्या लहानपणीच ठरून जाते. रंग आणि शरीराची प्रमाणे तशी स्थिर नसतात. म्हणूनच जुन्या वर्णनांपैकी टिकली ती बहुधा मोजणीवर उभी असलेली, रंगावर बेतलेली नव्हेत.

उपजातींचा काळ

वसाहतकाळाच्या उत्तरार्धात, बेल्जियममधील तेर्व्यूरन येथील संग्रहालयात, माक्स पोल (१९०८–१९९१) याने या नावांची फेरमांडणी केली. १९४१ मध्ये त्याने सेनेगलसच्या काँगो खोऱ्यातील रूपाला मेरिडिओनालिस, म्हणजे 'दक्षिणेचा', आणि बिशिराच्या दक्षिण काँगोतील रूपाला कटंगाई अशी उपजातींची नावे दिली. तुर्काना-ओमो भागातील बिशिराला आरांबूर्गने १९४८ मध्ये ऑर्नाटस म्हटले. पामास आणि एंडलिशरी यांचेही असेच प्रादेशिक भाग पडले. बूलांजेचा काँगिकस हा एंडलिशरीची काँगोतील उपजाती म्हणून नोंदला गेला. १९८८ मध्ये गॉसने काँगोतील पामासच्या रूपाला पोलचेच नाव दिले.

तीन शब्दांची ही नावे म्हणजे एक प्रकारची प्रांजळ तडजोड होती. जाती वेगळी म्हणण्याइतका पुरावा नाही, पण ठिकाण वेगळे आहे आणि मासाही थोडा निराळा दिसतो, एवढेच त्यांतून सांगायचे होते. दोष तडजोडीत नव्हता; ती कायमची समजली गेली, यात होता. नंतरच्या सूच्यांनी तिसरा शब्द उचलला आणि तो ज्या मोजक्या नमुन्यांवर उभा होता त्यांची आठवण मागे टाकली.

येथे थोडे भूगोलाकडे वळावे लागते, कारण अंतर आणि भेद यांचे प्रमाण सरळ नसते. सेनेगल, गांबिया, नायजर, व्होल्टा, चाड सरोवर आणि नाईल या आज एकमेकांपासून तुटलेल्या जलप्रणाली आहेत. तरी त्यांतील मासे आश्चर्यकारकरीत्या सारखे आहेत. सुमारे अकरा हजार ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या दमट काळात सहाराचा मोठा भाग हिरवा होता, चाड सरोवर आजच्या कितीतरी पट पसरलेले होते आणि पाण्याच्या वाटांनी माशांना खोऱ्याखोऱ्यांतून जाता आले. तुर्काना सरोवरही पूर्वी नाईलशी जोडलेले होते. त्यामुळे डाकार आणि खार्टूम यांच्यात पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर असूनही तेथील बिशिरांत भेद थोडा आढळावा हे स्वाभाविक आहे. उलट काँगोच्या खोऱ्यात धबधबे, दलदली आणि पाण्याचे निरनिराळे गुणधर्म यांमुळे तुलनेने जवळच्या दोन ठिकाणी दोन स्वतंत्र जाती नांदू शकतात. लंडन किंवा व्हिएन्नाच्या मेजावरून सेनेगल व नाईल ही दोन टोके दिसत होती आणि काँगो हे एक ठिकाण. प्रत्यक्षात माशांच्या दृष्टीने पहिली दोन जवळजवळ एक होती, आणि काँगो अनेक होते. लाप्रादेई हा नाईलच्या बिशिराहून वेगळा न मानण्याकडे अलीकडच्या अभ्यासकांचा कल आहे, तर काँगिकसला बूलांजेने दिलेला स्वतंत्र जातीचा दर्जा पुन्हा मिळाला आहे. या दोन निर्णयांच्या मुळाशी हाच भूगोल आहे.

प्रमाण नमुन्याकडे परत

एकविसाव्या शतकाच्या आरंभी दोन नव्या जातींनी जुन्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. राल्फ ब्रिट्झने २००४ मध्ये कॅमेरूनमधील क्रॉस नदीतून तॉइगेल्सी ही जाती वर्णिली. नाव तेर्व्यूरनच्या दिवंगत मत्स्यशास्त्रज्ञाचे. श्लिवेन व शेफर यांनी २००६ मध्ये मध्य काँगोतील मोकेलेम्बेम्बे वर्णिली. काँगोच्या दंतकथांतील जलचर राक्षसाचे हे नाव. बिशिरानंतर दोन शतकांनी आफ्रिकी भाषेतील दुसरा शब्द या यादीत आला.

मोकेलेम्बेम्बेची गोष्ट विशेष बोधक आहे. हा मासा अज्ञात नव्हता. तो संग्रहालयांत होता, पुस्तकांत होता, शौकिनांच्या काचपेट्यांतही होता. फक्त त्याला रेट्रोपिनिस म्हणत. रेट्रोपिनिस हे नाव व्हाइयाँने १८९९ मध्ये दिले होते. ज्या माशावरून नाव दिले जाते, तो प्रमाण नमुना म्हणून जपून ठेवण्याची प्रथा आहे. तो नमुना नीट तपासला, तेव्हा ते नाव ज्याला शतकभर लावले जात होते त्याचे नसून दुसऱ्याच माशाचे आहे असे आढळले. मूळ नाव मूळ धन्याकडे गेले आणि ओळखीचा मासा निनावी उरला. त्याला नवे नाव द्यावे लागले. शंभर वर्षे पुस्तकावरून पुस्तक लिहिले गेले आणि बरणी उघडली गेली नाही. साधनांकडे परत जाण्याचा इतिहासकारांचा आग्रह प्राणिशास्त्रालाही किती लागू पडतो, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

मॉरिट्झ व ब्रिट्झ यांनी २०१९ मध्ये विद्यमान बिशिर कुळाची संपूर्ण उजळणी प्रसिद्ध केली. संग्रहालयांतील नमुने पुन्हा मोजून केलेल्या अशा कामामुळे प्रजातीत आज डझनभराच्या आसपास जाती मानल्या जातात. एरपेटोइक्थिस हा सापासारखा लांबट आप्त वेगळा. मधल्या काळात सूत्रकणिकांतील जनुकांचा आधारही मिळाला. परंतु जनुकीय पुराव्यालाही चिठ्ठी लागतेच. ऊतीचा तुकडा कोणत्या नदीतील माशाचा हे ठाऊक नसेल, तर दोन क्रमांतील फरक मोजता येतो. तो फरक प्रादेशिक आहे असे म्हणता येत नाही.

शरीरावर विसंबण्याची मर्यादा २०१४ मध्ये एका प्रयोगाने अधिकच स्पष्ट केली. एमिली स्टँडन व सहकाऱ्यांनी सेनेगलसची पिल्ले आठ महिने जवळजवळ कोरड्या जमिनीवर वाढविली. ती पाण्यातील भावंडांपेक्षा वेगळी चालू लागली आणि त्यांच्या खांद्याच्या हाडांचा आकारही बदलला. प्रयोग चतुष्पादांच्या उगमासंबंधी होता. पण प्रादेशिक भेदांच्या अभ्यासकाला त्यात एक इशारा आहे. दलदलीतील व खोल पात्रातील माशांची ठेवण निराळी दिसली, तर ती परिस्थितीने घडविलेली असू शकते, वंशाने आलेली असेलच असे नाही.

चिठ्ठी नसलेले मासे

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बिशिर हा काचपेटीतील लोकप्रिय मासा झाला. सेनेगलसची पांढरी पैदास दुकानांत सहज मिळते. आग्नेय आशियातील मत्स्यशाळांत अनेक जातींची पैदास होते आणि संकरही होतात. त्याच वेळी शौकिनांच्या जगात 'फराना', 'कोलिबा' अशी गिनीतील ठिकाणांची नावे प्रादेशिक रूपांची ओळख म्हणून प्रचलित झाली. ही नावे निरर्थक नाहीत. ज्या व्यापाऱ्याने मासा खरोखर तेथून आणला असेल, त्याच्याकडे बूलांजेच्या काही बरण्यांपेक्षा नेमकी माहिती असू शकते. पण ती माहिती तोंडी असते, एका विक्रीनंतर दुसऱ्या विक्रीत विरत जाते, आणि दोन पिढ्यांच्या पैदाशीनंतर 'फराना' हा शब्द ठिकाणाचा न राहता रंगाच्या एका छटेचा होतो. १८९० च्या दशकातील 'काँगो' आणि आजचा हा शब्द यांच्यात प्रकाराचा फरक नाही.

दरम्यान, ज्या पाण्याशी पहिले नाव बांधलेले आहे ते पाणीच बदलले. बिशिर पावसाळ्यात पूरमैदानांतील उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यात अंडी घालतो. १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाल्यापासून इजिप्तच्या खोऱ्यात नाईलचा वार्षिक पूर येत नाही; सुदानमधील मेरोवे धरण २००९ मध्ये कार्यान्वित झाले. जोफ्रॉयने ज्या नदीकाठी मासा हातात घेतला, ती नदी आज त्या अर्थाने अस्तित्वात नाही. नाईलच्या मूळ बिशिराची पश्चिमेकडील आप्तांशी तुलना करायची झाल्यास अभ्यासकाला सुदान, चाड वा तुर्कानाकडे जावे लागते, किंवा जुन्या संग्रहांतील मोजक्या नमुन्यांकडे, ज्यांवरील चिठ्ठ्यांत कित्येकदा 'नील' याहून अधिक काही लिहिलेले नसते.